चिमीचं प्लॅस्टर आणि माझा अनवाणी नवस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बरं का, म्हणजे सांगताना मला मधे मधे थांबायला नको. आणि चहा घ्या, गार होतोय. मी आता जो वेडेपणा सांगणार आहे तो एका दिवसाचा नाही. चांगला महिनाभर चालला होता, अख्ख्या गल्लीच्या डोळ्यांसमोर! माझी बायको नंदा अजूनही पाहुणे आले की हा विषय काढते. तिनं तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेला बरा.

नव्वदीतलं कोपरखैरणे. आता तिथं जाऊन बघाल तर एकाच्या डोक्यावर एक मजले चढलेत, पण तेव्हा आमची घरं बैठी होती. एक खोली, मागं मोरी, पुढं ओटा, आणि ओट्याला कमरेएवढा कट्टा. गल्लीत सगळी आमच्यासारखीच, सातारा-कराडकडून आलेली. गल्ली संपली की मोकळे प्लॉट, त्यात बाभळी, आणि त्यापलीकडून संध्याकाळी खाडीचा खारट वारा यायचा. दाराला कडी फक्त झोपताना. कोणाच्या घरात काय शिजतंय हे विचारावं लागायचं नाही, नाक पुरेसं होतं. मी तुर्भ्याला कंपनीत, नंदा घरी शिवणकाम करायची, आणि आमची चिमी अडीच वर्षांची. गोबरे गाल, बोबडी जीभ आणि पायाला भिंगरी.

तर एका रविवारी संध्याकाळी टीव्हीवर मुंग्या यायला लागल्या. सिनेमा सुरू व्हायला पाच मिनिटं! मी शिडी लावून पत्र्यावर चढलो, अँटेना फिरवायला. नंदा मोरीत होती. मग टीव्ही दिसतोय का ते सांगणार कोण? मी आपली चिमीला ओट्याच्या कट्ट्यावर उभी केली. हो, मीच केली! तिथून खिडकीतून टीव्ही दिसायचा.

"चिमे, खिडकीचा गज धर. चित्र आलं की सांग!"

"गेलं!" चिमी ओरडली.

मी अँटेना खाडीकडे फिरवली. "आता?"

"गेऽलं!"

जरा ठाण्याकडे फिरवली. आणि चित्र आलं असणार, कारण चिमी आनंदानं किंचाळली, "आऽऽलं!" आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी म्हणजे गज सुटला.

पुढचं सांगवत नाही. वरून मी फक्त तो आवाज ऐकला. तिला उचलून रिक्षात घातली तेव्हा माझ्या पायात चप्पल होती की नव्हती, मला आठवत नाही.

वाशीला हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. डावा पाय, गुडघ्याच्या खाली मोडलेला. आतून चिमी "बाबा, बाबा" करत होती आणि मी बाहेर भिंतीला टेकून उभा होतो. अशा वेळी माणूस काय करतो? आमच्याकडचा माणूस नवस बोलतो. मी डोळे मिटले, गावचा भैरोबा डोळ्यांसमोर आणला आणि म्हणालो, "देवा, माझ्यामुळं पडली पोर. ती सरळ चालायला लागेपर्यंत मी पायात चप्पल घालणार नाही."

नुसतं "चालायला" नाही हं. "सरळ चालायला." मला वाटलं, देवाशी व्यवहार आहे, मोघम नको. या एका शब्दानं पुढं माझा घात केला.

आता अनवाणी नवस बोलणं सोपं, पण कंपनीत सेफ्टी शूज घातल्याशिवाय गेटमधून आत सोडत नसत. मग मी भैरोबाशी पुन्हा बोलणी केली, की ड्यूटीचे आठ तास यात धरायचे नाहीत. देव काही बोलला नाही, म्हणजे मान्य आहे असं मी धरून चाललो. बूट पिशवीत, पाय डांबरावर, आणि दिवस एप्रिल-मेचे. बस स्टॉपवर मी दोन पायांवर एकदम उभाच राहू शकत नव्हतो. एक उचल, दुसरा टेक. लोकांना वाटायचं हा माणूस नाचतोय.

चिमी मात्र मजेत होती. पहिले तीन दिवस रडली, मग तिला कळलं की पांढरा पाय असला की मागेल ते मिळतं. मांडीपर्यंत प्लॅस्टर घातलेली आमची महाराणी ओट्यावर गोधडीवर बसायची आणि गल्ली दर्शनाला यायची. कोणी बिस्किट, कोणी करवंदं, कोणी कैरीची फोड. प्लॅस्टरच्या आत खाज सुटली की ती हुकूम सोडायची, "बाबा, वाला घाल!" म्हणजे वारा घाल. मग मी पेपरची सुरळी करून प्लॅस्टरच्या तोंडाला लावायचो आणि गाल फुगवून फुंकर मारत बसायचो. ती डोळे मिटून घ्यायची. अहो, खरं सांगतो, आयुष्यात पुढं पुष्कळ काही मिळालं, पण ओट्यावर बसून तिच्या पायात फुंकर घालत होतो त्या संध्याकाळी मला अजून आठवतात. तेव्हा वाटायचं, हे दिवस कधी एकदा संपतात. आता वाटतं, उगाच घाई केली.

सहा आठवड्यांनी प्लॅस्टर कापलं. आतून पाय निघाला तो दुधीसारखा, बारीक आणि फिकट. डॉक्टर म्हणाले, "हाड छान जुळलंय. घाई करू नका. थोडे दिवस लंगडेल, मग आपोआप नीट चालेल."

आणि नेमकं त्याच आठवड्यात प्लॉटमधून बस स्टॉपकडे जाताना माझ्या उजव्या टाचेत बाभळीचा काटा गेला. अर्धा निघाला, अर्धा आत मोडला. नंदा सुई घेऊन बसली, पण मी पाय ओढून घेतला. म्हटलं, "राहू दे. नवस म्हटल्यावर एवढं सोसायलाच पाहिजे."

"अहो, पिकेल तो."

"माझ्या पायाचं सोड. तिच्या पायाकडे लक्ष दे!"

काय रुबाबात बोललो होतो! आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते.

चिमी पहिले दिवस बसून सरकली, मग रांगली, मग भिंत धरून उभी राहिली. आणि एके दिवशी संध्याकाळी उंबऱ्यापासून माझ्यापर्यंत चार पावलं चालली. नंदा पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवत होती. गावाहून आई आली होती, तिनं पोरीची दृष्ट काढली. पण ती चार पावलं? लंगडत! अगदी ठुमकत ठुमकत.

ठीक आहे, डॉक्टर म्हणालेच होते. एक आठवडा वाट बघितली. लंगडतेच. दुसरा आठवडा. लंगडतेच! पाय भरला, गाल पुन्हा वर आले, पण चाल काही सुधारेना. नवसातला तो "सरळ" शब्द माझ्या छातीवर येऊन बसला. माझ्यामुळं पडली आणि आता जन्मभर अशीच चालणार? पोरीच्या जातीला लोक काय काय बोलतील? शाळेत काय हाक मारतील? माझं जेवण तुटलं हो. ताटावर बसायचो आणि उठायचो.

मग मी ठरवलं, हातावर हात ठेवून बसायचं नाही. तिला चालायला मीच शिकवणार!

रोज संध्याकाळी कंपनीतून आलो की हातपाय धुवून मी गल्लीत उतरायचो. चिमीला मागं उभी करायचो आणि सांगायचो, "चिमे, बाबाकडं बघ. बाबा कसा चालतो? तसंच चालायचं. अगदी बाबासारखं!"

मी पुढं, ती मागं. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकदा, दोनदा, दहादा. काय गुणी पोरगी! नजर माझ्या पायावरून हलायची नाही. ओठ घट्ट मिटून, मन लावून चालायची. मी वळून बघायचो तर लंगडतेच आहे! मग मी म्हणायचो, "नाही जमलं. परत बघ, नीट बघ माझ्याकडं!" आणि पुन्हा फेरी. त्या फेऱ्यांनी माझा काटा आणखी आत जायचा, टाच ठणकायची, पण मी म्हटलं, सोस बाबा, लेकीसाठी सोस.

गल्ली ओट्यांवर बसून बघायची. शेजारच्या वहिनी पदराआड तोंड लपवायच्या. मला वाटायचं, बिचाऱ्यांना रडू येतंय.

आई रोज सकाळी तिळाचं तेल कोमट करून चिमीचा डावा पाय चोळायची. आठ दिवसांनी तिनंही हात टेकले. "आरं, वाटीभर तेल जिरलं बग त्या पायात. पाय कसा दगडावानी घट झालाय. आन तरी बी लंगडती कशी रं ही?"

"आई, आतून काहीतरी राहिलंय," मी म्हणालो. फार मोठा जाणकार मी!

मग एकदा नंदानं सांगितलं, "अहो, आज गंमत झाली. दुपारी मांजराच्या मागं धावली चिमी. अज्जिबात लंगडली नाही."

"पळणं वेगळं, चालणं वेगळं," मी म्हणालो.

"वेगळं कसं? पाय तेच ना?"

"तुला नाही कळायचं ते. त्याचं शास्त्र असतं."

नंदानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे बघितलं आणि शिलाई मशीनवर जाऊन बसली. त्या दिवशी मशीन जरा जोरातच चाललं.

दिवाळे गावची एक कोळीण मावशी आमच्या गल्लीत मासे घेऊन यायची. पाटी डोक्यावर, गळ्यात सोनं, आणि तोंड असं की बोंबिलाला काटे फुटावेत. चिमीवर तिचा भारी जीव. प्लॅस्टर होतं तेव्हा "हाडाला बरां" म्हणून पाटीतल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, जबरदस्तीनं देऊन गेलेली. एक दिवस आमची कवायत चालू असताना ती गल्लीत शिरली. पाटी ओट्यावर टेकवली आणि कमरेवर हात ठेवून आम्हा बापलेकींना बघत राहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काय मावशी, बघा ना, अजून लंगडते पोर."

"पोरीला काय पन नाय झायला," मावशी म्हणाली. "बापावर गेलीय पोर, आनी काय!"

आता मला सांगा, बापाला हे ऐकून कसं वाटेल? माझी छाती फुगली. घरी जाऊन नंदाला म्हणालो, "मावशीसुद्धा म्हणाली, चिमी माझ्यावर गेलीय. नाक माझंच आहे तिचं."

नंदानं कपाळावर हात मारला. "उद्या वाशीला जायचं," ती म्हणाली. "डॉक्टरांकडं. तुम्ही पण. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाका."

गेलो. डॉक्टरांच्या खोलीपुढं लांब व्हरांडा होता आणि भिंतीला लागून बाक. त्यावर दहा-बारा पेशंट. कोणाचा हात गळ्यात, कोणाच्या मानेला पट्टा, सगळे कंटाळलेले. नवा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो खिडकीकडे धरला आणि म्हणाले, "अहो, हाड एकदम मस्त आहे. मोडलं होतं हे सांगूनही पटणार नाही. तक्रार काय आहे?"

मी हात जोडले. "डॉक्टर, लंगडते हो. महिना झाला. माझ्यामुळं पडली ती. काय असेल ते खरं सांगा, ऑपरेशन लागलं तरी चालेल."

डॉक्टर उठले, चिमीला व्हरांड्यात घेऊन आले. "चल बेटा, चालून दाखव."

चिमी हलेना. माझ्याकडे बघत उभी.

"ती अशी चालत नाही," मी म्हणालो. "सवय आहे तिला. थांबा, मी पुढं होतो."

आणि मी पुढं झालो! व्हरांड्याच्या मधोमध, मान ताठ, अनवाणी. "चिमे, बाबासारखं!" मी पुढं, चिमी मागं. दारापर्यंत गेलो, वळलो, परत आलो. बाकावरचे कंटाळलेले लोक एकदम सावरून बसले.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पुन्हा एकदा."

पुन्हा गेलो, आलो. मानेला पट्टा असलेल्या माणसाला मान वळवता येईना, तर तो अख्खा वळून बघायला लागला.

"पाय कुठला मोडला होता हिचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"डावा."

"डाव्यावर ती एकदम भक्कम उभी राहते. आणि लंगडते कुठल्या पायानं?"

मी चिमीकडे बघितलं. मग... अहो, काय सांगू! महिनाभर बघतोय, रोज बघतोय, पोरीकडे बघून बघून डोळे दुखायला आले, आणि तोवर हे मला दिसलंच नव्हतं. पोर लंगडत होती उजव्या पायानं! धडधाकट, कधी न मोडलेल्या, तेलाचा थेंबही न लागलेल्या उजव्या पायानं!

"उजव्या," मी म्हणालो.

"आणि तुम्हाला काय झालंय? उजव्या टाचेला?"

"काटा आहे. बाभळीचा. महिना झाला."

"आणि घरी हिला काय सांगता?"

उत्तर चिमीनंच दिलं, मोठ्यानं, शाळेत कविता म्हणावी तसं. "बाबासालखं चालायचं! नीट बघून!"

अख्खा व्हरांडा हसून फुटला. गळ्यात हात असलेला माणूस दुसऱ्या हातानं मांडीवर थापा मारत होता. एका आजींना हसून उचकी लागली. नंदा पदरात तोंड घालून हलत होती. आणि मी? मला आधी वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. आणि मग दुसऱ्याच क्षणी छातीवरचं ओझं उतरलं. पोरीला काही झालेलं नव्हतं! तिचा पाय बरा होता! मी तिथंच बाकावर बसलो.

डॉक्टरांनी चिमट्यानं काटा काढला. बोटाच्या पेराएवढा निघाला. पट्टी बांधली आणि म्हणाले, "आता चप्पल घाला आणि सरळ चालून दाखवा तिला."

"चप्पल नाही चालणार," मी म्हणालो. "नवस आहे. ती सरळ चालेपर्यंत."

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. "म्हणजे ती सरळ चालल्याशिवाय तुम्ही चप्पल घालणार नाही. आणि तुम्ही सरळ चालल्याशिवाय ती सरळ चालणार नाही."

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

नंदानं स्वतःच्या पायातल्या चपला काढल्या. लेडीज, लाल पट्ट्याच्या, वर मोत्यांचं फूल. माझ्यापुढं सरकवल्या. "घाला. भैरोबाला काय सांगायचं ते मी सांगते. देव आहे तो, त्याला कळतं. तुमच्यासारखा नाही."

घातल्या. अर्धी टाच बाहेर. पण मी उठलो, दात घट्ट आवळले आणि सरळ चाललो. ठणकत होतं, तरी वाकडं पाऊल पडू दिलं नाही. मागं बघायची हिंमत होईना. दारापर्यंत जाऊन हळूच वळलो.

चिमी येत होती. छोटी छोटी पावलं, दोन्ही एकसारखी, हात हलवत, रुबाबात. सरळ! एकदम सरळ! माझ्यापर्यंत आली, गुडघ्याला मिठी मारली आणि वर बघून म्हणाली, "जमलं?"

"जमलं गं बाई," मी म्हणालो आणि तिथं, त्या सगळ्या लोकांसमोर, मोत्यांच्या फुलांच्या चपला घालून, ढसाढसा रडलो. बाकावर मग कोणी हसलं नाही. उचकीवाल्या आजींनी तर डोळेच पुसले.

डॉक्टर टेबलावर जाऊन केसपेपर लिहायला लागले. मला जरा सावरायला वेळ मिळावा म्हणून असेल, सहज विचारल्यासारखं म्हणाले, "कामाला कुठं असता?"

"तुर्भ्याला," मी नाक पुसत म्हणालो. "कंपनीत."

"काय काम?"

मी चपलेचा पट्टा सारखा करायला वाकलो. म्हटलं, हा विषय इथंच मिटावा. पण नंदा कसली सोडतेय!

"स्कूटरचे आरसे बनतात तिथं," ती म्हणाली. "त्यातले डावे कुठले, उजवे कुठले, ते बघून हे वेगळे करतात. सात वर्षं झाली. कंपनीत सगळे म्हणतात, यांची नजर कधी चुकत नाही."